अर्ध्या इंचाची माया

पातं वळणावर आलं तेव्हा तिने श्वास रोखला. अठ्ठेचाळीस थर एकावर एक निजलेले, सगळं निळं कापड, वर पांढऱ्या खडूची रेघ, आणि त्या रेघेवरून मशीनचं उभं पातं सावकाश पुढं चाललेलं. बगलेचं वळण सगळ्यांत अवघड. इथं हात अडखळला तर एक नाही, अठ्ठेचाळीस कोट बिघडतात. तिचा हात अडखळला नाही. कमरेच्या आत मात्र कुणीतरी घट्ट बांधलेली गाठ एकदम सोडावी तसं झालं, आणि मांडीवरून काहीतरी कोमट खाली उतरलं.

ती थांबली नाही. डावा तळवा थरांवर आणखी जोरात दाबला आणि पातं पुढं रेटलं.

"मास्तर, आज गाडी गाठायचीय का?" खिडकीपाशी इस्त्री करणाऱ्या प्रेसवाल्याने वाफेतून मान बाहेर काढली. "एवढी घाई कसली?"

"तू तुझ्या कॉलरी बघ. मागच्या खेपेला कुत्र्याच्या कानासारख्या लोंबत होत्या."

प्रेसवाला खो खो हसला. टेबलाच्या त्या टोकाला कापड अंथरणारा गडीही हसला. वरच्या मजल्यावर हे असंच चालायचं. एकाने टाकायचं, दुसऱ्याने परतवायचं, आणि परतवण्यात तिचा हात कुणी धरत नसे.

शेवटचा तुकडा सुटा झाला तसं तिने बटण बंद केलं. तुकड्यांच्या चळती चिंध्यांनी बांधल्या, वर पुठ्ठ्याचा पॅटर्न ठेवला आणि सगळं टोपलीत भरलं. जमिनीत एक चौकोनी भोक होतं, ती वर आल्यानंतर पाडलेलं. त्यातून दोरीवरची टोपली खाली शिवणाऱ्या बायकांच्या दालनात उतरायची आणि तयार कपडे इस्त्रीला घेऊन वर यायची. बटण काजातून जावं तशी टोपली त्यातून ये-जा करते म्हणून कारखान्यात सगळे त्या भोकाला मोठं काज म्हणत.

"सोड खाली," ती गड्याला म्हणाली. "मी आलो दोन मिनिटांत."

आलो. बावीस वर्षं ती इथं आलो, गेलो, कापतो, बघतो म्हणत होती. आधी ती खालीच होती, तुरपाई करायला. तेव्हा कटिंग करणाऱ्या थोरल्या मास्तरांनी तिचा टाका पाहिला, बोटं पाहिली, आणि तिला वर आणून कापायच्या टेबलापाशी उभं केलं. तेव्हाच्या मालकांनी विचारलं होतं, "मास्तर, बाई? टेबलावर?" थोरले मास्तर कात्रीवरून नजर न उचलता म्हणाले होते, "बाई कुठाय? मास्तर आहे तो." दुसऱ्या दिवशी कुणीतरी "नव्या मास्तर आल्या का?" असं विचारलं, तर त्यांनी तिथल्या तिथं दुरुस्त केलं, "आल्या नाही. आले." सगळे हसले, आणि ते तिला चिकटलं. तिला ते आवडलं होतं. कुणीतरी खास आपल्या मापाचा कोट शिवून द्यावा आणि तो खांद्यावर अस्सा बसावा, तसं वाटलं होतं. मग जीभही हळूहळू त्या मापाची झाली. घरी लेकीचा फोन आला की ती "येते गं, करते गं" म्हणायची. कारखान्याचा जिना चढला की "येतो, करतो". दोन खुंट्या, दोन कोट. बावीस वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती.

तिच्यानंतर टेबलावर एकच बाई आली होती, आठेक वर्षांपूर्वी. महिनाभर टिकली. एकदा कॉलर उलटी कापली गेली आणि तिचे डोळे भरून आले. ती खाली गेल्यावर आताचे मालक म्हणाले, "शेवटी बाईच." त्यावर हशा पिकला. त्या हशात सगळ्यांत मोठा आवाज मास्तरचा होता. पण त्या रात्री तिला झोप लागली नाही. तेव्हापासून रोज सकाळी विंचवाच्या भीतीने चप्पल झटकून पायात घालावी तसे ते दोन शब्द झटकूनच ती कामाला यायची. कुठं लपून बसले असतील, नेम नाही.

जिना उतरताना तिने अंगातल्या करड्या कोटाचे दोन्ही काठ पुढं ओढून धरले. बायकांचं न्हाणीघर खालीच होतं, दालनाच्या पार मागं. तिथं जायचं तर चौदा मशीनांच्या मधून जावं लागे. ती हनुवटी वर धरून जायची, कुणाकडं न बघता. ती आली की खालचं बोलणं तुटायचं. नुसती मशीनं बोलत राहायची. वर काम करताना जमिनीतून त्यांच्या गाण्याची चाल ऐकू यायची. शब्द कधी कळायचे नाहीत, मशीनांच्या घरघरीत विरून जायचे. थोरली म्हणून एक म्हातारी होती, कारखान्यातली सगळ्यांत जुनी. गाणं तिचंच असायचं, मास्तर वर गेल्यानंतर तिने धरलेलं. आजही मास्तरचं पाऊल दालनात पडलं आणि थोरलीने ओळ अर्ध्यावर सोडून दिली.

न्हाणीघरात तिने जमेल तसं निस्तरलं. तीन महिने काही नाही, आणि आज असं, बांध फुटल्यासारखं. पन्नाशीला टेकलेलं शरीर जाता जाता हिशेब चुकता करायला बसलं होतं जणू. कोट मागून पुढं ओढून पाहिला. डाग होता. पाण्याने चोळला. गेला असं वाटलं.

परत येताना शेवटच्या मशीनवरची काजवाली तिच्याकडं बघत होती. तिशीची असेल. सडपातळ, चष्मा नाकावर घसरलेला. दिवसभर काजं करायची म्हणून काजवाली. तिने मास्तरच्या तोंडाकडं पाहिलं, मग ती पुढं गेल्यावर पाठीकडं पाहिलं असावं, कारण मास्तरला पाठीत ते बोचलं. ती वळली तर काजवालीने मान खाली घातली होती.

बघणारच, मास्तरच्या मनात आलं. गेल्या आठवड्यापासून खार खाऊन असणार.

गेल्या आठवड्यात जेवणाची घंटा होता होता मालक टेबलापाशी आले होते. काम वाढलंय, कटिंगला दुसरा हात लागेल, म्हणाले. "खालची ती काजं करणारी विचारत होती. घरी जुन्या कागदांवर बेतून बघते म्हणे. तुम्ही काय म्हणता, मास्तर? शिकवाल का?"

तिने एका क्षणाचाही वेळ घेतला नव्हता. "तिची नजर काजाएवढी, मालक. आख्खं थान अंथरलं तर त्यात हरवून जाईल, आपल्यालाच शोधायला जावं लागेल." प्रेसवाल्याला इतकं हसू आलं की त्याने इस्त्री खाली ठेवली. मग तिने आणखी एक ठेवून दिलं, "आणि दर महिन्याला पोट दुखलं की काय, थरांना सांगणार का जरा थांबा म्हणून? मशीनला पोट नसतं."

"बरं," मालक हसत म्हणाले होते. "मग बाहेरचाच माणूस बघतो. सोमवारी दुपारी बोलावतो. तुम्ही पारखून सांगा."

आज सोमवार होता.

वर येऊन ती आपल्या उंच स्टुलावर बसली. पुढचे थर अंथरायचे होते, अडतीस मापाचे साठ कोट. ती खडू घासून धार काढत होती, तोच मोठ्या काजाशी बांधलेली घंटी वाजली. खालून कुणीतरी दोरी हलवली होती.

"आत्ताच तर टोपली गेली," गडी म्हणाला आणि ओढायला उठला.

"थांब. मी बघतो."

टोपलीत सगळ्यांत वर एक कोट होता. गडद निळा, धुवट, कुणाच्या तरी अंगावरचा. घडी मात्र नव्यासारखी नीट. तिने तो उचलला, पण तो कशाला पाठवलाय ते तिच्या लक्षात येईना. मग तिने वळून स्टुलाकडं पाहिलं. लाकडी बैठकीवर रुपयाएवढा गडद ठिपका होता, ओला.

ती पटकन परत बसली. कानांच्या पाळ्या तापल्या.

"कोट कसला आला, मास्तर?" प्रेसवाल्याने विचारलं.

"मापाला पाठवलाय." तिने बसल्या बसल्याच करडा कोट उतरवला, निळा चढवला आणि काढलेला गोळा करून मांडीवर घेतला. कुत्सितपणा असेल, तिला वाटलं. बघा, आम्ही पाहिलंय, असं सांगायला धाडला असेल. पण बाह्या तिच्या हाताला बरोबर होत्या, आणि मागून तो गुडघ्यांच्या खाली पोचत होता.

कोटाखाली आणखी काहीतरी होतं. सकाळच्या चळतीतला एक तुकडा, पुढचा भाग, आणि त्यावर तोच पुठ्ठा. तुकड्याच्या कडेने आतल्या बाजूला पिनांची ओळ लावलेली होती. कडेपासून बरोबर अर्धा इंच. वळणावरसुद्धा अर्धा इंच. मुंग्या निघाव्यात तशी सरळ, शिस्तीत. आणि पुठ्ठा असा ठेवलेला की त्याचा एक कोपरा वर यावा. त्या कोपऱ्यात बारीक अक्षरं होती. माया धरलेली नाही.

तिने ते दोनदा वाचलं.

माया म्हणजे कडेने जास्तीचं सोडलेलं कापड, ज्यात शिवण बसते. थोरल्या मास्तरांच्या सगळ्या पुठ्ठ्यांत माया आधीच धरलेली असायची. रेघेवरून कापलं की झालं. हा पुठ्ठा मात्र गिऱ्हाइकाकडून आलेला. त्यावर रेघ ओढताना अर्धा इंच बाहेरून ओढायची होती. एरवी तिने कोपरे वाचल्याशिवाय खडू टेकवला नसता. आज सकाळपासून ओटीपोट दुखत होतं आणि तिला फक्त लवकर संपवायचं होतं.

चार कडा. प्रत्येक कडेला अर्धा इंच. छातीत दोन इंच कमी. चाळीस मापाचे हे अठ्ठेचाळीस कोट शिवून बाहेर पडतील तेव्हा एकही चाळीसच्या अंगात जाणार नाही.

समोर गडी पुढचं थान उलगडत होता. प्रेसवाला शीळ घालत होता. मास्तरने तो तुकडा मांडीवरच्या गोळ्यात गुंडाळला. डोकं भराभर चालू लागलं, आणि ते कुठं चाललंय हे तिला दिसत होतं. खालच्यांनी पुठ्ठा बदलला म्हणायचं. चळत बांधताना सरकली म्हणायचं. काजवालीला कालपासून पोटदुखी आहे, तिने चुकीचं माप लावलं म्हणायचं. मालक आपल्यावर विश्वास ठेवतील. हे पक्कं होतं, आणि पक्कं असल्याचीच तिला भीती वाटली.

जेवणाची घंटा झाली. खालची मशीनं एकेक करून थांबली, आणि इतका वेळ ऐकू न येणारी शांतता जमिनीतून वर आली.

"मी आलो," ती म्हणाली आणि उठली.

जिना उतरताना तिने पहिलं वाक्य तयार केलं होतं. आधी आपण ओरडायचं. समोरच्याने तोंड उघडायच्या आत ओरडलं की निम्मं काम होतं, हे ती वरच शिकली होती. पण खाली कुणी तिच्या वाटेकडं डोळे लावून बसलं नव्हतं. मोठ्या काजाच्या बरोबर खाली एक लांब टेबल होतं, त्याच्या दोन्ही बाजूंना बाकं, आणि बायका डबे उघडत होत्या. सकाळची चळत एका बाजूला तशीच ठेवलेली होती. एकाही तुकड्याला सुई लागलेली नव्हती.

"हे काय आहे?" तिने पिना लावलेला तुकडा काजवालीपुढं धरला.

"बसा ना, मास्तर." काजवालीने डबा बाजूला सारला.

"बसायला नाही आलो. हे काय आहे विचारतोय."

"हळू," थोरली म्हणाली. तिच्या बोटांना सुयांचे जुने टोचे होते, बोलताना ती तीच बोटं ओठांवर न्यायची. "हळू बोल, बाई."

बाई. मास्तरच्या मानेवर काटा आला. पण काजवाली खडूने टेबलावर आकडे मांडू लागली होती, आणि आकड्यांपुढं मास्तरला कधी दुसरं काही दिसत नसे.

"चाळीसच्या पुठ्ठ्यावर कापलंय, माया नाही," काजवाली म्हणाली. "चार कडांचे दोन इंच गेले. म्हणजे शिवून होतात अडतीस. बाहीचंही मी लावून बघितलं, अडतीसच्या बाहीला लागतंय. गळ्याला पट्टी आहे, त्याची अडचण नाही. खालची दुमड पाव इंचाने बारीक घ्यायची, मग लांबीही बसते." तिने चष्मा वर सारला. "अडतीसचे साठ कोट तुम्ही अजून कापले नाहीत ना?"

"नाही."

"मग हे अठ्ठेचाळीस अडतीस म्हणून शिवतो आम्ही. तुम्ही दुपारी अडतीसचे फक्त बारा कापा. आणि चाळीसचे अठ्ठेचाळीस नव्याने. कापड थोडं जास्त जाईल, पण रोलचा शेवट पुरतोय. मी मोजलाय."

मास्तरने आकडे पुन्हा एकदा मनात फिरवले. मग उलटे फिरवले. कुठं उसवत नव्हतं. आपण हे वर बसून का नाही पाहिलं, तर आपण तेव्हा कुणाच्या गळ्यात मारावं ते शोधत होतो. ती बाकाच्या टोकाला टेकली, अर्धी.

"माया ठेवायची राहून गेली," ती पुटपुटली.

"बावीस वर्षांत पहिल्यांदाच का?" पलीकडून एक पोरगेली मुलगी म्हणाली. कुणीतरी तिला कोपराने ढोसलं. थोरलीला खोकला आला, आणि तो बराच वेळ थांबेना.

"तुला कधी कळलं?" मास्तरने काजवालीला विचारलं.

"काजांच्या खुणा करायला पुठ्ठा घेतला ना, तेव्हा. कोपऱ्यात बारीक लिहिलेलं होतं." काजवालीने डब्यातला घास मोडला, आणि तो तोंडाकडं नेता नेता अगदी सहज म्हणाली, "माझी नजर काजाएवढी ना. बारीक तेवढं बरोबर दिसतं."



मास्तरला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. ते वर बोललं गेलं होतं. चार माणसांत, वर. प्रेसवाल्याने सांगितलं असेल का? तो खाली येत नाही. मालकांनी? तिने तोंड उघडलं, तोच डोक्यावरून एक आवाज आला, इतका जवळून, जणू कुणी तिच्या शेजारी बाकावर येऊन बसलं होतं.

"मास्तर कुठं गेले?"

"खाली." हा प्रेसवाला. त्याच्या डब्याचं झाकण उघडल्याचासुद्धा आवाज आला. "आज सकाळपासून दुसरी खेप. आणि स्टुलावर बघितलंस का तू?"

"काय?"

"बघ जाऊन."

पावलं. मग गड्याचं हसू, दाबलेलं, नाकातून. "अगागा. मला वाटलं मास्तरांना ते नसतंच."

"अरे, कितीही कोट घाल," प्रेसवाला तोंडात घास घोळवत म्हणाला, "शेवटी बाईच."

मोठ्या काजातून उजेडाचा चौकोन टेबलावर पडला होता. त्यात आकडे होते, खडूची पूड होती, आणि मास्तरचे दोन्ही हात होते. वरून खाली सगळं ऐकू येतं. खालून वर नुसती चाल जाते, शब्द जात नाहीत. पण वरचा प्रत्येक शब्द या भोकातून टोपलीसारखा सरळ खाली उतरतो, आणि मशीनं बंद असली की या टेबलावर येऊन पडतो. बावीस वर्षं. मशीनला पोट नसतं, ते इथं पडलं होतं. आठ वर्षांपूर्वीची त्या रडणाऱ्या बाईची थट्टा, सगळ्यांत मोठ्याने हसलेलं ते हसू, तेही इथंच, कदाचित ती बाई याच बाकावर बसलेली असताना. ती इथून हनुवटी वर धरून जायची तेव्हा सगळ्या गप्प व्हायच्या, त्या भीतीने नव्हे.

तिने मान वर केली. तिच्याकडं कुणीच बघत नव्हतं. तेराही जणी आपापल्या डब्यात पाहत होत्या, इतक्या मन लावून, जणू घास मोजत होत्या. तिला एकटीला थोडी जागा मिळावी म्हणून त्या सगळ्या तिथून उठून गेल्या होत्या, बाकावर बसल्या बसल्या. फक्त काजवालीने पाण्याचा पेला तिच्या हाताजवळ सरकवला, तोही न बघता.

"तू तेव्हाच वर हाक का नाही मारलीस?" मास्तरने विचारलं. "भोकातून ओरडून सांगितलं असतंस, की मास्तरने चळत बिघडवली. मालकांपर्यंत गेलं असतं. तुझं काम झालं असतं."

"मनात आलं होतं की," काजवाली म्हणाली. "घंटीला हातसुद्धा लावला. मग तुम्ही न्हाणीघरातून आलात. मागून कोट दिसला. अशा दिवशी कुणाला ओरडून सांगायचं ते."

"मी असते तर सांगितलं असतं."

तिच्या तोंडून काय गेलं ते तिला कळायला वेळ लागला. थोरलीने मात्र एकदम मान उचलून तिच्याकडं पाहिलं, जुनी बुजलेली शिवण हाताला लागावी तसं, आणि बाकावर सरकून तिला पुरती जागा करून दिली.

"नीट बस," ती म्हणाली. "पाठ दुखेल अशाने. मला पाच वर्षं छळलं त्याने. गरम पाण्याची पिशवी आहे माझ्याकडं कपाटात. न्यायची."

मास्तर नीट बसली. कुणाचा तरी डबा तिच्यापुढं आला. बोलणं पुन्हा सुरू झालं, आधी चाचरत, मग नेहमीसारखं. कुणाच्या नणंदेचं, कुणाच्या घसरलेल्या मशीनच्या पट्ट्याचं. थोरली जेवता जेवता गुणगुणू लागली, आणि बावीस वर्षं जमिनीतून नुसती चाल ऐकलेल्या त्या गाण्याचे शब्द मास्तरने पहिल्यांदा ऐकले.

सुईबाई पुढं चाल, दोरा तुझ्या मागं मागं
टाक्याला टाका जोड, नको ठेवू उणं अंग

एवढंच. दोन ओळी, पुन्हा पुन्हा. तिला का कुणास ठाऊक, त्यात बरंच काही असेल असं वाटत आलं होतं.

"कागदांवर बेततेस म्हणे तू," ती काजवालीला म्हणाली.

"बेतते. जुन्या वर्तमानपत्रांवर."

"बगलेचं वळण कसं घेतेस?"

काजवालीने हवेत बोट फिरवलं. मास्तरने ते पाहिलं, मग तिचं मनगट धरून किंचित बाहेर वळवलं. "असं. मनगट नाही वळवायचं. खांदा."  काजवालीच्या तर्जनीवर काजाच्या सुईचा जुना वण होता. अगदी तसाच एक मास्तरच्या बोटावर होता, तुरपाईच्या दिवसांतला. इतक्या वर्षांत त्यावर खडू बसून बसून तो दिसेनासा झाला होता.

"या चळतीचं काय ते आम्ही बघतो," थोरली म्हणाली. "कुणाला कळायचं कारण नाही. त्या पिना तेवढ्या काढून टाक गं, उगाच कुणाच्या नजरेला पडायच्या."

काजवालीने तुकड्याला हात घातला. मास्तरने तो आपल्याकडं ओढून घेतला.

"राहू देत. वर लागतील."

थोरलीचं गाणं थांबलं.

"मास्तर," काजवाली अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "वर ते काय म्हणतील ते माहितेय ना?"

"म्हणून झालं की आत्ता. ऐकलंस ना."

त्याच वेळी उजेडाच्या चौकोनात एक डोकं आलं. मालक मोठ्या काजातून खाली वाकले होते. वरच्या उजेडातून त्यांना खाली काय दिसत असेल कुणास ठाऊक; त्यांनी डोळे बारीक केले.

"मास्तर आहेत का खाली? अहो, तो माणूस आलाय कटिंगचा. टेबलापाशी उभा केलाय. वर येताय ना?"

 वर, इस्त्रीपाशी कुणीतरी हातातलं काम थांबवलं, ते ऐकू आलं.

मास्तर उठली. पिना लावलेला तुकडा तिने हातावर घेतला, उघडा, पिना वर येतील असा. दुसरा हात तिने काजवालीच्या कोपराखाली घातला.

"येतो," तिने वर पाहून सांगितलं, नेहमीसारखंच. आणि मालक वळायच्या आत म्हणाली, "दोघी."

"दोघी? म्हणजे?"

ती जिन्याकडं निघाली. जिना अरुंद होता, एका वेळी एकच माणूस चढेल एवढा. पहिल्या पायरीपाशी ती थबकली. ओटीपोटात पुन्हा एक कळ उठली होती, आणि वर एक अनोळखी माणूस होता, मालक होते, प्रेसवाला होता, आणि ते स्टूल होतं. तिचा हात आपोआप पाठीमागं गेला, कोट चाचपायला.

काजवालीने तो हात हलकेच बाजूला केला. निळ्या कोटाची मागची बाजू एकदा नीट पाहिली, आणि एक चुणी हाताने साफ केली.

"तुम्ही पुढं व्हा," ती म्हणाली. "मागचं मी बघते."